रोवण्याच्या दिवसांत केलेला तक्ता

तलावाविषयी लिहायचे तर आधी त्याच्या चार बाजू सांगितल्या पाहिजेत. तसे केले नाही तर पुढे जे घडले ते नेमके कोठे घडले, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, जिथे कापूस संपतो आणि धान सुरू होतो, तिथे आमचे तालुक्याचे गाव आहे. आता नगर परिषद झाली आहे, म्हणून शहर म्हणायचे. तलाव या शहराच्या मधोमध आहे. पश्चिमेला त्याचा मातीचा बांध. आमच्याकडे त्याला पार म्हणतात. पारीवर चिंचेची जुनी झाडे आहेत. पूर्वेकडून नाला येऊन तलावाला मिळतो. उत्तरेला आमची वस्ती आणि वस्तीचे बुद्धविहार. दक्षिणेला ढिवरांचा, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचा, मोहल्ला, आणि त्या मोहल्ल्याच्या टोकाशी पाण्यात उतरणाऱ्या सात-आठ दगडी पायऱ्या. त्यांना घाट म्हणत, पण तो शब्द त्या जागेला मोठा होतो. पाच डोंगे बांधता येतील एवढेच ते ठिकाण होते. डोंगा म्हणजे पूर्वी एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी; अलीकडे तो पत्र्याचा असतो, नाव मात्र तेच राहिले आहे.

मी या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवले. पहिली काही वर्षे कुरखेड्याच्या बाजूला होतो, पुढे बदली होऊन इथे आलो आणि इथलाच झालो. दर रविवारी सकाळी गळ घेऊन घाटाच्या अलीकडे बसायचे, हा माझा एकमेव शौक. बांबूची काठी, मोरपिसाच्या दांड्याचे तरंगणे आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळे. मासे मिळाले तर घरी आनंद, न मिळाले तरी तीन तास पाण्याकडे पाहण्यात गेलेले असत. त्या वेळी रविवारी पारीवर गर्दी असे. मुले सांडव्याजवळ पोहत, म्हशी धुतल्या जात, आमच्या वस्तीतल्या बाया गोधड्या घेऊन येत, आणि हिवाळ्यात ढिवरांच्या बाया उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन चिंचेखाली बसत. शिंगाडेही याच तलावातले. कोणी कोणाला अडवीत नसे, कारण प्रत्येकाची वेळ आणि जागा ठरून गेलेली होती.

पाच डोंग्यांपैकी एक डोंगा ज्यांचा होता त्यांना मी भाऊ म्हणत असे; ते माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे असतील. मोहल्ल्यातले सगळे जण त्यांचे ऐकत. त्यांची बायको, जिला आम्ही बाई म्हणत असू, बुधवारी आणि रविवारी आमच्या गल्लीत मासोळी विकायला येई. माझी गळ टाकण्याची पद्धत भाऊंना फार हास्यास्पद वाटे. डोंगा घाटाला लावता लावता ते विचारीत,

“सर, आज मासोळी धराले आले का तिले खाऊ घालाले?”

“दोन्ही,” मी म्हणे.

“मंग येक काम पूर्ण होऊन राह्यलं तुमचं.”

डोंग्यातले बाकीचे हसत. मग भाऊ स्वतः येऊन माझा गळ पाहत, गांडूळ काढून नव्याने लावून देत आणि तरंगणे हातभर वर सरकवून म्हणत, “इथी शिंगूर फिरते. थे खालून चालते. तुमी तिले वर बलावता, थे काऊन येईन?” शिंगूर म्हणजे मिशा असलेला, तळाशी वावरणारा मासा. मी मुलांना माशांच्या श्वसनसंस्थेवर धडा शिकवत होतो, पण मासा कोणत्या खोलीवर चालतो हे मला तिथे कळले.

आता ज्या रिवाजावर ही सगळी हकिकत उभी आहे, तो सांगतो.

नाल्याचे गढूळ पाणी तलावात शिरू लागले की हे लोक जाळी उचलत. पाचही डोंगे पाण्याबाहेर काढून पारीच्या उतारावर पालथे घालत. तेव्हापासून पोळ्यापर्यंत तलावात जाळे पडत नसे. रोहू आणि कटला यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते; ते साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. परंतु मरळ, शिंगूर आणि बारीकसारीक पांढरी मासोळी ही तलावाचीच लेकरे. त्यांची अंड्यावर येण्याची वेळ तीच असते. त्या दिवसांत मोहल्ल्यातली बाया-माणसे सकाळीच ट्रॅक्टरवर बसून आसपासच्या खेड्यांत रोवण्याला जात. रोवणा म्हणजे धानाच्या रोपांची चिखलात लावणी. दीड-दोन महिने तलावाच्या दक्षिण काठावर एकही माणूस दिसत नसे. हा नियम कोणी केला, कोणाला ठाऊक नव्हते. मोडणाऱ्याला दंड होता का, असे मी एकदा विचारले तेव्हा भाऊ म्हणाले, “मोडलाच नाई कोणी, त दंड कायले ठरवाव?”

माझा गळदेखील त्यातून सुटला नव्हता. पहिल्याच वर्षी ते घरी येऊन सांगून गेले, “सर, थे काठी बी ठेवून द्या पोळ्यापर्यंत. दोन महिने वांगे खा.” मी ठेवून दिली. पुढे दरवर्षी वर्गात सजीवांचे पुनरुत्पादन शिकवताना मी हेच उदाहरण देत असे. पुस्तकात समुद्रातल्या मासेमारीच्या बंदीचा उल्लेख असे. मी मुलांना म्हणे, तो सरकारी आदेश आहे, आपल्या तलावावर मात्र आदेशावाचून तेच पाळले जाते, खिडकीतून पाहा. वर्गाच्या खिडकीतून पालथे डोंगे दिसत. म्हणजे मला ठाऊक नव्हते, असे म्हणायला मला जागा नाही. उलट गावात ढिवरांच्या मोहल्ल्याबाहेर ही गोष्ट सर्वांत नीट कोणाला ठाऊक असेल, तर मलाच होती.

मी निवृत्त झालो त्या सुमाराला तलावाची अवस्था वाईट झाली होती. शहराच्या गटारी नाल्याला जोडल्या गेल्या, जलपर्णी वाढली, पारीवर दारूच्या बाटल्या दिसू लागल्या. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा लोकांचा एक गट होता. त्याचे प्रमुख पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता. माणूस तळमळीचा आणि शब्दाचा पक्का. विहाराच्या सभागृहात त्यांनी बैठक घेतली. तलावाच्या सुशोभीकरणाची योजना नगर परिषदेकडे पाठवायची, असे ठरले. गटारीचे पाणी वळवायचे, जलपर्णी काढायची, भोवताली फिरण्याची वाट करायची, कुंपण घालायचे, पायडलच्या होड्या आणायच्या. मीदेखील हात वर केला. आजही मला त्यातली पहिली दोन कामे चुकीची वाटत नाहीत.

योजनेला एक कागद जोडावा लागत होता: जागेचा सध्याचा वापर कोण, केव्हा आणि कशासाठी करतो, त्याचा तक्ता. अभियंता माझ्याकडे पाहून म्हणाले, “हे काम सरांशिवाय कोणी करू शकत नाही. जनगणना यांनी केली, मतदारयाद्या यांनी केल्या. यांच्या कागदात खाडाखोड नसते.” मला ते आवडले. माणसाला आपल्या ज्या गुणाचे कौतुक होते, त्याच्यावर तो फार विसंबून राहतो. हे मी मुलांच्या बाबतीत अनेकदा पाहिले होते.

प्रस्ताव नगर परिषदेमार्फत मंजुरीसाठी मुंबईला पंधरा ऑगस्टच्या आधी जायचा होता. हाताशी दोन आठवडे होते. मी ते शास्त्रशुद्ध रीतीने वापरायचे ठरवले. पारीवरच्या तिसऱ्या चिंचेखालून सगळा तलाव दिसतो. तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली. सकाळी सहा ते सायंकाळी सात असे तासातासांचे रकाने केले. फिरणारे, पोहणारे, कपडे धुणारे, जनावरे आणणारे, बसून राहणारे, मासेमारी करणारे, अशा आडव्या ओळी पाडल्या. ऊन असो की भुरभुर, मी रोज बसलो. दुपारच्या जेवणाला जाताना शेजारच्या दुकानदाराला वही देत असे आणि परतल्यावर त्याने केलेल्या खुणा तपासून घेत असे. मासेमारीच्या ओळीत चौदा दिवसांत एकही खूण झाली नाही. माझ्या उजव्या हाताला, पन्नास पावलांवर, पाच डोंगे पालथे पडलेले होते.

मी त्यांची नोंद केली नाही, कारण डोंगा ही वस्तू होती आणि तक्ता माणसांचा होता.

त्यातल्याच एका रविवारी भाऊंची बायको पारीवरून चालली होती. रोवण्याला सुट्टी असावी. चिखलात उभे राहून राहून तिच्या पायांची बोटे पांढरी पडली होती, तिने त्यांना तेल आणि हळद लावलेली दिसत होती. माझ्यासमोर थांबून तिने वहीकडे पाहिले.

“काय लिवून राह्यले जी सर?”

“तलावावर कोण येते, किती वेळ थांबते, ते.”

“कोनाले पायजे थे?”

“नगर परिषदेला. तलाव साफ करायचा आहे.”

“बरं झालं बाई. त्या पानकांद्यानं जाळंच फाटते आमचं.” जलपर्णीला ती पानकांदा म्हणत असे. मग हसून म्हणाली, “मंग आमचं बी लिवा.”

“तुम्ही आता कुठे येता, बाई? तुम्ही तर रोवण्याला.”

“पोळ्यानंतर येतो ना जी. तवा लिवा.”

मी “हो” म्हणालो. ते खोटे नव्हते. त्या क्षणी मला खरोखर वाटले की तक्त्याखाली एक टीप घालावी: ‘मासेमारी करणारी कुटुंबे प्रजननकाळात स्वेच्छेने जाळी टाकत नाहीत, म्हणून या काळात नोंद नाही, पोळ्यानंतर नित्य वापर असतो.’ त्याच संध्याकाळी मी ती लिहिलीही. सुवाच्य अक्षरात, तीन ओळींची.

दोन दिवसांनी अभियंत्यांकडे तक्ता नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला आणि म्हणाले, “उत्तम. फक्त एकाच पानावर बसवा. मुंबईला कोणी दुसरे पान उलटत नाही.” तक्ता नव्याने काढला. ओळी जवळ घेतल्या, समास कमी केला. तरी टीप खाली जात होती. अक्षर बारीक केले असते तर मावली असती, पण मग पान गिचमिड दिसले असते. मी टीप काढली. ती वेगळ्या कागदावर जोडावी, असे मनाशी म्हटले, आणि पाठवण्याच्या घाईत ते राहिले. ‘राहिले’ हा शब्द मी इथे पुष्कळ वेळ विचार करून लिहितो आहे. राहिले म्हणजे विसरले नाही. आठवत होते, आणि तरी केले नाही, कारण पान सुंदर दिसत होते.

पोळा झाला. डोंगे सुलटे झाले, पाण्यात गेले, आणि पहिल्या बुधवारी बाईने आमच्या दारात टोपली उतरवली. तिने तक्त्याविषयी विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. आमच्या घरी त्या दिवशी मरळीचा रस्सा झाला.

योजना मंजूर होऊन आली तेव्हा हिवाळा लागला होता. नकाशा नगर परिषदेच्या भिंतीवर लावला गेला. तलावाभोवती संपूर्ण कुंपण होते. पायडलच्या होड्यांचा धक्का कोठे करायचा, तर जिथे आधीच दगडी पायऱ्या होत्या तिथे. म्हणजे घाटावर. नकाशात त्या जागेवर ‘वापरात नसलेला जुना घाट’ असे लिहिले होते. मी ते वाचले आणि दुसऱ्यांदा वाचले. हे वाक्य माझे नव्हते, पण ते कशावरून आले हे मला कळत होते.

हरकती ऐकायला नगर परिषदेच्या सभागृहात बैठक झाली. टेबलामागे मुख्याधिकारी होते, शहरात नवे आलेले, वयाने तरुण, बोलायला सभ्य. ढिवरांच्या मोहल्ल्यातून वीस-पंचवीस माणसे आली होती आणि मागच्या भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती बसली नाहीत. त्यांच्या मासेमारीच्या ठेक्याची मुदत त्याच वर्षी संपली होती आणि नवा ठेका व्हायचा होता. तेवढ्या काळात वहिवाट हाच त्यांचा आधार होता. भाऊ पुढे आले.

“सायेब, थो घाट वापरात हाये. आमी रोज उतरतो तिथून. आमच्या बापापासून उतरून राह्यलो. डोंगे बांधाले दुसरी जागा नाई. बाकी तिन्ही कडं पार नाईतर गाळ हाये.”

मुख्याधिकाऱ्यांनी फाइल उघडली. “पण इथे वापराच्या नोंदीत मासेमारीचा उल्लेख नाही. दोन आठवड्यांची नोंद आहे, तासातासाची.” त्यांनी मान वर केली. “ही नोंद कोणी केली?”

अभियंत्यांनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. मागे भिंतीला टेकलेली माणसे माझ्याकडे पाहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर मला सुटकेचा भाव दिसला. त्यांना वाटले, आता सर सांगतील.

“सर, तुमच्या पाहणीत मासेमारी आढळली होती का?”

या प्रश्नाचे एक उत्तर अचूक होते आणि एक खरे होते. अचूक उत्तर एका वाक्याचे होते. खऱ्या उत्तराला तीन वाक्ये लागली असती, आणि त्यातले एक असे असते की माझा तक्ता अपुरा आहे. अभियंता शेजारी बसले होते. ‘यांच्या कागदात खाडाखोड नसते,’ असे म्हणणारा माणूस.

मी म्हणालो, “पाहणीच्या कालावधीत तशी नोंद झाली नाही.”

“म्हणजे नोंद बरोबर आहे?”

“नोंद बरोबर आहे.”

आणि मी बसलो. पुढे काय झाले ते मी सांगू शकतो, पण मी ते नीट ऐकले नव्हते. भाऊ एवढेच म्हणाले की सरांनी पाहिले तेव्हा रोवणा होता. कोणीतरी हसून म्हणाले, “मग रोवण्यालाच जा ना, भाऊ, तलाव कशाला पाहिजे?” काही लोक हसले. मुख्याधिकाऱ्यांनी सर्वांना शांत केले आणि ‘मासेमारीसाठी आवश्यकतेनुसार पर्यायी जागा देण्यात येईल’ असे लिहून घेतले. अशा वाक्याचा अर्थ मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळला नव्हता का? तरी मी तेव्हा त्या वाक्याला धरून स्वतःचे समाधान केले.

घरी येऊन दोन दिवस मी बाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी वही घेतली आणि पुन्हा चिंचेखाली जाऊन बसलो. या खेपेला चौदा नाही, तीस दिवस. आता मासेमारीची ओळ रोज भरत होती: डोंगे किती वाजता सुटले, किती परतले, बाया शिंगाड्याला कधी उतरल्या. जुनी टीप मी नव्या तक्त्याच्या मथळ्याखाली, सर्वांत वर लिहिली. सोबत अर्ज जोडला, ‘पूर्वीच्या नोंदीतील त्रुटीबाबत’. आवक विभागातल्या लिपिकाने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तो माझाच विद्यार्थी होता.

“सर, हे दोन्ही तुमचेच आहेत?”

“हो.”

“मग यातला कोणता धरायचा?”

“दुसरा.”

“पण पहिल्यावर तर तुम्ही बैठकीत हो म्हटलं, सर. कार्यवृत्तात आहे.” तो उद्धटपणे बोलत नव्हता, कागद कसा चालतो हे तो मला, आपल्या शिक्षकाला, समजावून सांगत होता. त्याने शिक्का मारून पोच दिली. पुढे काही आले नाही. मी तीनदा जाऊन विचारले. तिसऱ्या वेळी घाटाच्या पायऱ्यांवर काँक्रीट पडलेले होते.

अभियंत्यांनाही मी सांगितले. ते म्हणाले, “सर, हे तुम्ही मला त्या वेळी टेबलावर का नाही सांगितलं? मी दोन पानं केली असती.” ते खरे बोलत होते. म्हणून त्या माणसावर राग ठेवण्याची सोयदेखील मला उरली नाही.

डोंगे एका सकाळी टेम्पोत चढले. शहरापासून लांब एका खेड्यातल्या तलावात मोहल्ल्यातल्या तीन घरांना जागा मिळाली होती. दोघांनी डोंगे विकले. डोंगा चढवायला हात कमी पडत होते, म्हणून मी गेलो आणि मागची बाजू धरली. भाऊंनी मला पाहिले. “सर, तिथं धरू नका, पत्रा धारदार हाये. इकडं या,” असे म्हणून त्यांनी मला दुसऱ्या बाजूला उभे केले. एवढेच बोलणे झाले. भाऊंचा डोंगा विकलेल्या दोनांपैकी होता. त्या वयात रोज तेवढ्या लांब जाणे त्यांना जमणारे नव्हते.

त्यानंतर तलाव खरोखर देखणा झाला. जलपर्णी गेली, वाटेवर दिवे लागले, हंसाच्या आकाराच्या होड्या आल्या. बाई आता बर्फाच्या पेटीतली आंध्राची मासोळी विकते. बुधवारी ती अजूनही आमच्या दारात थांबते आणि मी अजूनही घेतो. योजनेत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी पाण्यावर एक लाकडी मचाणही बांधले गेले. तिकीट काढून कोणीही बसावे. मी कधी बसलो नाही.

गेल्या वर्षी श्रावणात, एका संध्याकाळी फिरताना, मी त्या मचाणाजवळ थांबलो. रबरी बूट घातलेला, चांगली फिरकीची काठी घेतलेला एक गृहस्थ पाण्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा गळाला लावलेली बेडकी टाकत होता. त्या जागी पाणी तांबूस हलत होते. ती मरळीची पिल्ले होती. मरळीची पिल्ले लहान असताना तांबडी असतात आणि मुठीसारखी गोळा होऊन पृष्ठभागावर फिरतात. खाली, थोड्या अंतरावर, आईबाप राखण करीत असतात. पिल्लांजवळ काही पडले की ते भुकेने नव्हे, तर त्याला हाकलण्यासाठी झडप घालतात. म्हणून ती मरळ धरणे सर्वांत सोपे असते. मी हे त्या गृहस्थाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“असं आहे का? आम्हाला माहीत नव्हतं, काका. पण मग इथे बोर्ड का नाही लावलेला?”

बोर्ड कधीच नव्हता. तो बोलत असतानाच दोर ताणला गेला. त्याने दोन हात लांबीची मरळ वर काढली, आणि तिच्याकडे पाहून त्याचा मुलगा टाळ्या वाजवू लागला. जोडीतली पहिली मरळ त्याने मी येण्याआधीच धरली होती; ती बादलीत होती.

मी तिथून सरळ दक्षिणेच्या मोहल्ल्यात गेलो. भाऊ दारात बसून जुन्या जाळ्याची दोरी सोडवून तिचा गुंडा करीत होते. त्या दोरीने परसातले वेल बांधायचे होते. बाई दुसऱ्या दिवशीच्या रोवण्यासाठी शिदोरीचे डबे घासत होती. मला पाहून तिने खाटेवरचे कपडे बाजूला सारले. मी बसलो आणि जे पाहिले ते सांगितले.

भाऊंनी गुंडाळणे थांबवले नाही. त्यांनी विचारले, “दोन्ही धरल्या?”

“दोन्ही.”

“पिल्लं लाल होते का काळे झाले होते?”

“लाल.”

तेव्हा त्यांचा हात थांबला. “काळे असते त निभले असते,” ते म्हणाले. “लाल हायेत म्हंजे नाई राहत जी. दोन दिवसांत बाकीची मासोळी खाऊन टाकन.”

बाई डबे घासता घासता म्हणाली, “कोनी सांगतलं नसन त्याले.”

“मी सांगितले,” मी म्हणालो.

“कवा?”

“पहिली धरून झाल्यावर.”

तिने पुढचा डबा घासायला घेतला. भाऊंनी दोरीचे टोक शोधले, पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली आणि मला पाऊस-पाण्याचे विचारले. मी उत्तर दिले. मी तासभर तिथे बसलो असेन. त्यांनी तक्त्याविषयी विचारले असते, तर सांगायचे ते सगळे मी मनात मांडून ठेवलेले होते, क्रमवार, काहीही न गाळता. त्यांनी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रॅक्टर यायचा होता, म्हणून मी उठलो.